मी म्हणायचं

निरंजनदादानं हिंजवडीहून कागद पाठवलाय.
तेवीस प्रश्न, प्रत्येकाखाली चार रकाने:
प्रसंग. जबाबदारी. काय केलंस. काय साधलं.
शेवटी लाल अक्षरांत,
‘आम्ही म्हणू नकोस, मी म्हण.
त्यांना तुला घ्यायचंय, तुझ्या ग्रुपला नाही.’

तासगावात मार्चअखेरची दुपार.
शेडला पत्रा, पंखा फक्त मुकादमाच्या टेबलावर.
आई बेदाणा निवडते.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा पाटीत,
देठ न् काड्या मांडीशेजारच्या डब्यात.
मी समोर पोत्यावर बसून
माझी बावीस वर्षं निवडते.

टीममध्ये मतभेद झाला तेव्हा काय केलंत?
शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, ऊसतोड टोळ्यांची हजेरी मोबाईलवर.
मतभेद कसला, संग्राम पंधरा दिवस आलाच नाही.
त्याचा कोड मी रात्री बसून लिहिला, कुणाला न सांगता.
दादा म्हणाला, हे नको. यात संवाद दिसत नाही.
मग मी संग्रामला चहाला नेलं, कागदावर.
त्याचं शांतपणे ऐकून घेतलं, कागदावर.
तीनदा वाचल्यावर मलाच वाटायला लागलं,
नेलं होतं की.

अपयश सांगा, असाही एक प्रश्न आहे.
दादा म्हणतो, बेदाण्यासारखं निवड.
सुकलेलं, पण गोड.

पुण्यात पहिल्या मुलाखतीला ‘मी आलो’ म्हणाले
आणि रांगेतली एकजण हसली, मुलगा आहेस का?
आमच्याकडं सगळ्याच येतो-जातो म्हणतात.
तेव्हापासून आले-गेले म्हणते, शेड सोडून.
इंग्रजीतला मी त्या मानानं सोपा.
त्याला लुगडं नाही, लेंगा नाही,
नुसता उभा खांब,
शेजारी टेकायला कुणी नसलेला.

“आण हिकडं, मी इचारतो,” आई म्हणाली.
चिकट बोटांनी कागद धरून अक्षर अक्षर वाचलं:
वरिष्ठांशी पटलं नाही, असा एक प्रसंग.
आणि विचारायचं सोडून थांबली.
“काट्याचं न्हवं का हे?
मुकादम काटा मारत हुता, किलोमागं शंभर ग्रॅम.
हौसाक्कानं घरनं किलोचं माप आणलं, पदराखाली.
शकिलानं ते काट्यावर ठेवलं.
त्यो म्हणला, जिला पटत न्हाई तिनं उठावं.
उठलो.”
“कोण उठलं?”
“उठलो की.”
“तसं नाही आई. मी उठलो, का आम्ही उठलो?”
“उठलो म्हंजे उठलो. आधी कोण न् मागनं कोण,
बघाय येळ कुणाला हुता?”

पेन पहिल्याच रकान्यावर अडलं.
“मग काय साधलं?”
“अकरा दिवस घरात. मग नवा काटा आला.”
ती पुन्हा निवडायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली,
“शकिलाला तेवढं परत बोलवलं न्हाई.
आम्ही इचारलं बी न्हाई.”

रात्री संग्रामला फोन लावला.
त्या पंधरा दिवसांत कुठं होतास रे?
तो हसला. आत्ता विचारतेस?
मिरजेला. वडलांचं डायलिसिस सुरू झालं होतं.
मला वाटलं, तू सरांना सांगून माझं नाव काढलंस,
म्हणून मग मीपण बोललो नाही.

चहा खोडला.
अपयशाखाली लिहिलं: मी विचारलं नाही.
पहिल्यांदाच तो मी लिहिताना हात अडला नाही.
चौथ्या रकान्यात काय लिहावं सुचेना.

गुरुवारी चारला कॉल आहे.
सकाळी शेडवर पंखा फिरला आणि कागद उडाला.
आईनं न बघता हात लांबवून
त्यावर हौसाक्काचं माप ठेवलं.
“बोल,” म्हणाली, “मी ऐकतो.”